मयत अध्यक्षांच्या मान्यता थांबविण्याबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
अंकीय निधी तक्रार कक्ष (गृहनिर्माण संस्था),
पूर्व उपनगरे विभाग, मुलुंड (पश्चिम), मुंबई.

अर्जदार : श्रीमती वनमाला चंद्रप्रकाश नेरूरकर, सचिव, निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व), मुंबई.

विषय : संस्थेचे अध्यक्ष कै. नंदकुमार आगाशे हे मयत असूनही त्यांच्या मान्यता येत राहिल्याने, त्या तातडीने थांबविण्याबाबत.

संदर्भ : १) कै. आगाशे यांचा मृत्यूचा दाखला. २) कै. आगाशे यांस मृत्यूपश्चात आलेले अभिनंदनपत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सादर करते की, मी सदर संस्थेची सचिव असून एका विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेली आहे. उभी नोकरी मयतांच्या फायली हाताळण्यात गेली. मयताच्या मागे वारस भांडतात, एकाच्या दोन बायका निघतात, हे सर्व पाहिले. परंतु मयताने मागाहून स्वतः मान्यता पाठविल्याचे एकही प्रकरण माझ्या टेबलावर आले नव्हते. त्यामुळे पुढील मजकूर वाचून बाईच्या डोक्यावर परिणाम झाला असे आपणांस वाटल्यास ते स्वाभाविक आहे. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा. मी फार घाबरलेली आहे, आणि घाबरलेल्या माणसाला मुद्देसूद लिहिता येत नाही. प्रयत्न करते.

२. निशिगंध ही चार मजल्यांची जुनी इमारत आहे. खाली गाड्या लावण्याच्या जागेतील दोन खांब तडकले असून आतील गंजलेल्या सळ्या उघड्या पडल्या आहेत. सध्या तेथे लोखंडी टेकू लावले आहेत. इमारतीची तपासणी करणाऱ्या अभियंता श्रीमती गंधाली वर्दे यांनी लेखी कळविले आहे की, दुरुस्ती त्वरित सुरू करावी, अन्यथा इमारत रिकामी करावी. त्या खांबांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर, अध्यक्षांच्या पत्नी कुंदावहिनी राहतात आणि त्यांच्या डोक्यावर मी. वहिनींच्या न्हाणीघराचे दार हल्ली लागत नाही. सुतार आला, त्याने दार तपासले, मग चौकटीकडे पाहिले आणि काम न करताच निघून गेला. दुरुस्तीचा पैसा संस्थेकडे आहे. तो बुडालेला नाही, कोणी खाल्लेला नाही. तो नुसता हलत नाही.

३. पैसा का हलत नाही, ते सांगणे भाग आहे. संस्थेचा दुरुस्ती निधी पूर्वी बँकेत मुदत ठेवीत होता. मागील वर्षी सर्वसाधारण सभेने तो एका नियमनाखालील डेट फंडात ठेवला. म्हणजे सरकारी नियमांच्या देखरेखीत, कर्जरोख्यांत गुंतवणारा, सभ्य फंड. त्याबाबत माझी काहीही तक्रार नाही. मात्र त्याच सभेत साकव नावाच्या कंपनीचे प्रतिनिधी, निहार नावाचे पवईत काम करणारे तरुण गृहस्थ, आले होते. त्यांनी सांगितले की, आमची ब्लॉकचेनवरची, म्हणजे एकदा लिहिले की खोडता न येणाऱ्या संगणकी वहीवरची, व्यवस्था तुमच्या फंडाला जोडून घ्या, म्हणजे पैसे काढताना खेपा, अर्ज, सह्या काही लागणार नाही. दोन पदाधिकाऱ्यांनी बटण दाबले की काम फत्ते. ही जोडणी युटिलिटी टोकनद्वारे होते. टोकन म्हणजे काय, असे मी विचारले तेव्हा त्यांनी समजावले की, उडप्याकडे आधी कूपन घेतल्याशिवाय डोसा मिळत नाही, पण कूपन म्हणजे डोसा नव्हे. सभेला हे फार आवडले. आमच्या कोकणात ओढ्यावर दोन ओंडके टाकून केलेल्या पुलाला साकव म्हणतात आणि त्यावरून जाताना माणूस बोलत नाही, पायाखाली बघतो. हे मी त्याच वेळी बोलायला हवे होते. परंतु सामोसे आले होते.

४. कंपनीने अध्यक्षांना एक आणि सचिवांना एक अशी दोन यंत्रे दिली. बोटभर लांबीची, आतच सिमकार्ड असलेली. विचारणा आली की दिवा लागतो आणि बारीकशा पट्टीवर अक्षरे येतात. हिरवे बटण म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या लक्षात राहत नाही म्हणून पिन, अंगठा वगैरे काही ठेवलेले नाही. करारात दोन कलमे होती, ती मी आता पाठ म्हणून दाखवू शकते. पहिले, ज्याच्या हाती यंत्र तोच धारक, आणि धारक व्यक्तिशः जबाबदार. दुसरे, सात दिवसांत धारकाने काहीच न दाबल्यास त्याची संमती आहे असे समजण्यात येईल. दोन्ही पदाधिकाऱ्यांचा होकार झाला की प्रस्ताव मंजूर. खाली बारीक टाइपात होते. चष्मा लावूनही वाचले नाही, कारण नंदकुमारभावोजींनी वाचले असेल असे मी समजले, आणि मी वाचले असेल असे ते समजले.

५. भावोजी आषाढात अकस्मात गेले. सकाळी टेकूंचे नट आवळले आहेत का ते बघून वर आले, खुर्चीत बसले आणि गेले. दिवसकार्यात शय्यादान झाले. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या रोजच्या वापरातील वस्तू गुरुजींना द्यायच्या असतात, म्हणजे पुढच्या वाटेवर त्या त्याला मिळतात. वहिनींनी खाट, गादी, छत्री, चपला, पाण्याचा तांब्या असे सारे दिले. बॅटरी दिली. आणि बॅटरीच्या दोरीला अडकवलेले ते यंत्रही दिले, कारण शेवटचे कित्येक महिने भावोजी ते हातातून खाली ठेवत नसत. रोजच्या वापरातील वस्तू नव्हे तर काय? वहिनींनी हातावरून पाणी सोडले आणि देवव्रत गुरुजी "स्वस्ति" म्हणाले. मी तिथेच, पंगतीची पाने मांडत होते.

६. त्यानंतर काही दिवसांनी सकाळचा चहा गाळताना माझ्या यंत्राचा दिवा लागला. पट्टीवर अक्षरे होती, 'अध्यक्षांची मान्यता प्राप्त. आपली प्रलंबित.' महोदय, माझ्या हातातून गाळणे पडले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही, पण त्या क्षणी पहिला विचार हाच आला की भावोजी तिकडूनही संस्थेचेच काम बघत आहेत. खाली जाऊन वहिनींना सांगितले. त्या घाबरतील असे वाटले होते. त्या आनंदल्या. म्हणाल्या, यांना पोचलं म्हणायचं सगळं. मग त्यांनी वाटीभर खीर केली आणि मलाही खायला लावली.

७. मी गुरुजींच्या भांडुप येथील घरी गेले. गुरुजी सज्जन गृहस्थ आहेत, याबद्दल दुमत नाही. भावोजींच्या खाटेवर भावोजींचीच गादी घालून झोपतात. छत्री दाराशी, चपला पायात. संध्येच्या पळी-पंचपात्राशेजारी ते यंत्र. त्यांनी न विचारताच खुलासा केला की, दानाची वस्तू घेणाऱ्याने वापरलीच पाहिजे. वापरली नाही तर गेलेल्याला पोचत नाही. छत्री ते पाऊस नसतानाही उघडून मिटतात. तसेच यंत्राचा दिवा लागला की, यजमानांची वस्तू काही मागते आहे असे समजून, स्वस्ति म्हणून हिरवे बटण दाबतात. मी हात जोडून विनंती केली की, आता दिवा लागेल तेव्हा कृपया लाल दाबा. ते शांतपणे म्हणाले,

"ताई, नको म्हणायचं ते घेण्याआधी. एकदा घेतल्यावर दानाला नाही म्हणत नाहीत."

मग निदान काहीच दाबू नका, असे म्हणणार होते. पण गप्प राहणे म्हणजेही होकारच, हे आठवले. गुरुजी माझ्यासाठी पाणी आणायला आत गेले. यंत्र माझ्या हाताच्या अंतरावर होते. नुसते उचलायचे आणि पर्समध्ये टाकायचे. माझा हात खरोखर पुढे गेला, आणि मग मी तो मागे घेतला. दुसऱ्याला दिलेले दान उचलणे, तेही मेलेल्या माणसाच्या नावचे! पाप-पुण्य सोडा, माझ्याने झाले नाही. मी पाणी प्यायले आणि त्यांना नमस्कार करून घरी आले.

८. वहिनींना म्हटले, दान तुम्ही दिलेत, तुम्हीच गुरुजींकडून एवढी एकच वस्तू मागून घ्या. वहिनींनी आधी भावोजींच्या फोटोकडे पाहिले. मग म्हणाल्या,

"वनमाला, आज ते यंत्र मागितलं तर उद्या कुणी छत्रीपण मागेल. वाटेत ऊन असलं तर यांनी काय करायचं गं?"

यावरचे उत्तर आपणांस सुचल्यास कळवावे. अडचण अशी की, धर्म म्हणतो वस्तू आता गुरुजींची, आणि करारही म्हणतो ज्याच्या हाती यंत्र तो धारक. दोघांचे एकमत झालेले आयुष्यात प्रथमच पाहिले, तेही माझ्याविरुद्ध.

९. मी रीतसर तक्रारी केल्या. फंडवाल्यांनी नम्रपणे कळविले की, आपली युनिट्स, म्हणजे फंडातील हिस्से, सुरक्षित आहेत, टोकन हा आमचा विषय नाही. टोकनवाल्यांनी कळविले की, टोकन ही गुंतवणूक नसून केवळ वापराची सोय आहे, पैशाबाबत फंडाकडे विचारणा करावी. मी मृत्यूचा दाखला जोडला. त्यावर व्यवस्थेने नियमाप्रमाणे अध्यक्षांच्या यंत्रावरच खात्री करून घेतली, 'आपण हयात आहात काय?' गुरुजींनी हिरवे दाबले. सबब दाखला अग्राह्य ठरला. नंतर निहार यांची समक्ष भेट घेतली. मुलगा वाईट नाही, तोही मनातून हादरला होता असे मला वाटते. म्हणाला, काकू, सिस्टीमच्या दृष्टीनं तुमचे अध्यक्ष सगळ्यात ॲक्टिव्ह आहेत. गेल्या महिन्यात 'तत्पर धारक' म्हणून अभिनंदनपत्र आले. जिवंतपणी भावोजींना कोणी पुष्पगुच्छ दिला नव्हता. वहिनींनी ते पत्र फ्रेम करून त्यांच्या फोटोखाली लावले आहे. सोबत त्याची छायाप्रत आहे.

१०. आता मूळ भीतीकडे येते. ज्या संस्थेचे धारक तत्पर, तिला ही व्यवस्था आपोआप एक प्रस्ताव पाठवते. संस्थेची सर्व युनिट्स बारा वर्षांकरिता राखीव ठेवायची आणि त्या बदल्यात आणखी टोकन घ्यायची. एकदा मंजूर झाले की मधे कोणालाही, देवालाही, ती सोडवता येणार नाहीत, असे निहार स्वतः म्हणाले. म्हणजे बारा वर्षे टेकू. ते खांब बारा वर्षे थांबणार नाहीत, हे गंधालीताईंनी मला बाजूला घेऊन सांगितले. त्यांचा चेहरा मला विसरता येत नाही. या प्रस्तावाला गुरुजी दर वेळी हो म्हणतात, मी दर वेळी नाही म्हणते. नामंजूर झाला की, अध्यक्ष आग्रही आहेत असे समजून व्यवस्था तो पुन्हा पाठवते, आणि तो असा घोळत असेपर्यंत दुरुस्तीसाठी पैसे काढण्याची विनंती दाखलच करून घेत नाही. चोवीस बिऱ्हाडे आणि बारा वर्षे यांच्यामध्ये सध्या फक्त माझे एक लाल बटण आहे. मी ते यंत्र घेऊन आंघोळीला जाते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्हाणीघराच्या खिळ्याला लावते. जेवताना ताटाशेजारी असते. डुलकी लागली तर दचकून उठते. वरच्या मजल्यावर कोणी जरा जोरात चालले तरी मी भिंतीला हात लावून उभी राहते. हे असे जगणे नव्हे, महोदय.

११. आणि आता मला हे बटणही दाबता येणार नाही. हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या बंद आहेत. उद्या दाखल व्हायचे आहे, परवा शस्त्रक्रिया. भूल देतील, नंतर आठ-दहा दिवस अतिदक्षता विभाग, तिथे कसलेही यंत्र जवळ ठेवू देत नाहीत. मी विचारले. नर्सबाईंनी आधी हसून आणि मग रागावून नाही म्हटले. शस्त्रक्रिया पुढे ढकलू का, असे डॉक्टरांना विचारले तर ते म्हणाले, आजी, तुमच्याकडे पुढे ढकलण्याइतका वेळ नाही. प्रस्ताव कालच पुन्हा आला आहे. त्याला मुद्दामच अद्याप लाल दाबलेले नाही, कारण आज दाबले तर उद्या-परवा तो नव्याने येईल आणि त्याची सात दिवसांची मुदत मी तिथेच असताना भरेल. न दाबले तर हाच भरेल. दोन्हीकडून तेच.

१२. यंत्र कोणाकडे तरी सोपवावे म्हणून तातडीची सभा बोलावली. मला मूलबाळ नाही, हे घर हेच काय ते माझे. खजिनदार हर्षद म्हणाले, वनमालाकाकू, धारक व्यक्तिशः जबाबदार असं लिहिलंय, माझी पोरं लहान आहेत. तिसऱ्या मजल्यावरील शीतल यांनी यंत्र हातात घेतले, दिवा लागलेला पाहिला आणि निखारा असावा तसे ते टीपॉयवर ठेवून दिले. कोणी सुचविले, वहिनींकडे द्या. वहिनींच्या हाती दिले तर त्या यांचा शब्द कसा मोडू म्हणून हिरवेच दाबतील, हे सर्वांना ठाऊक होते, त्यामुळे तेही बारगळले. एकेक करून माणसे उठली. मला कोणावर रागवायचे नाही. मीही धारक नसते तर उठलेच असते.

१३. सबब, पुढीलप्रमाणे विनंती आहे. कंपनीच्या नियमानुसार अध्यक्षांचे यंत्र रद्द करण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे अध्यक्षांचा लेखी राजीनामा. भावोजी तो देऊ शकत नाहीत. यंत्र ज्यांच्या हाती आहे ते देवव्रत गुरुजी देऊ शकतात, पण ते संस्थेच्या दप्तरी अध्यक्ष नाहीत, आणि आमच्या इमारतीत त्यांचे घर नसल्याने आम्ही त्यांना निवडूनही देऊ शकत नाही. तरी आपल्या विशेषाधिकारात गुरुजींना एका दिवसापुरते सदस्य करून, लगेच अध्यक्ष नेमून, तिथल्या तिथे त्यांचा राजीनामा मंजूर करावा. मी गुरुजींना फोनवर विचारले आहे. ते म्हणाले, पद सोडायला माझी काही हरकत नाही, पद कोणी मला पाणी सोडून दिलेलं नाही. यंत्र मात्र त्यांच्याचकडे राहील. दिवा नसलेले यंत्र ते खुशाल रोज दाबोत. वहिनींचेही समाधान राहील आणि भावोजींनाही जे काही पोचायचे ते पोचेल. माझी मागणी वेड्यासारखी दिसते, हे मला कळते. याहून शहाणी मागणी सुचली असती तर केली असती.

१४. सदर आदेश निघेपर्यंत वेळ जाणार, हेही मी जाणते. मी स्वतः कचेरीत नोकरी केलेली आहे. म्हणून हा अर्ज टपालाने न पाठवता आज आपल्या आवक खिडकीवर समक्ष देत आहे आणि सोबत माझे यंत्र जोडत आहे. खिडकीवरील कर्मचाऱ्यांनी मला फसवल्याचा दोष देऊ नये. त्यांनी फक्त पोच दिली. परंतु करार आपण वाचलात. यंत्र ज्याच्या हाती तो धारक. पोचेवर शिक्का पडला, त्या क्षणापासून धारक आपण आहात. हे असे करणे बरे नव्हे, याची मला लाज वाटते. माझ्या माणसांनी घेतले नाही, ते अनोळखी माणसाच्या गळ्यात घालते आहे. पण मी खूप विचार केला. चोवीस घरांत नाही म्हणण्याची हिंमत एकालाही झाली नाही, आणि अर्ज नामंजूर करणे हे तर आपले रोजचेच काम. हा एकच प्रस्ताव, येईल तेव्हा, मनापासून नामंजूर करा.

१५. शस्त्रक्रियेतून उठले तर खिडकीवर येऊन यंत्र परत मागेन. न उठल्यास माझे दिवसकार्य करणारे कोणी नाही, त्यामुळे ते कोणाला दान जाण्याची भीती बाळगू नये. मला मरणाची भीती आहे का, असे परवा डॉक्टरांनी विचारले. आहे. पण अतिदक्षता विभागातून बाहेर आणतील, समोर शीतल किंवा हर्षद उभे असतील आणि मी काही विचारायच्या आधीच ते मान फिरवतील, त्याची भीती जास्त आहे. कुंदावहिनी आत्ता खाली, न लागणाऱ्या दाराआड आंघोळ करत असतील. त्यांना यातले काही माहीत नाही.

कळावे, आणि कळले असल्यास कृपया लगेच करावे.

आपली नम्र आणि घाबरलेली,

(सही)
श्रीमती वनमाला चंद्रप्रकाश नेरूरकर
सचिव, निशिगंध सहकारी गृहनिर्माण संस्था

मुलुंड, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) कै. नंदकुमार आगाशे यांचा मृत्यूचा दाखला.
२) कै. आगाशे यांस आलेले 'तत्पर धारक' अभिनंदनपत्र (छायाप्रत. मूळ प्रत भिंतीवर).
३) अभियंता श्रीमती वर्दे यांचा अहवाल, खांबांच्या फोटोंसह.
४) करारातील दोन कलमे, मोठ्या अक्षरांत लिहून.
५) यंत्र, एक नग, चालू स्थितीत. दिवा लागलेला आहे. लाल बटण उजवीकडे. आपण काहीच केले नाहीत, तर तो आपला होकार.